खाडीकाठचं गाऱ्हाणं

भिवंडीतल्या नारपोलीहून वसई आगगाडीने चार स्थानकांवर आहे. भिवंडी रोडला चढायचं. खारबाव, कामण रोड, जूचंद्र, आणि चौथं वसई रोड. अंजूरफाट्याची गोदामं मागे पडली की यंत्रमागांची खटखट कानातून उतरायला लागते. कामणदुर्गाचा डोंगर दिसेपर्यंत ती पार गेलेली असते. दर वर्षी मे महिन्यात मी हा प्रवास एका निरोपावर करतो. वसईच्या पश्चिम पट्ट्यात राहणारा माझा मित्र फोन करतो आणि एवढंच सांगतो, "रविवारी आमच्या क्रुसाकडे लदीन आहे. चणे खायला ये."

पहिल्यांदा गेलो तेव्हा लदीन म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. वाडीच्या तोंडाशी चुन्याने नुकताच रंगवलेला दगडी क्रूस होता. त्याला मोगऱ्याचे आणि झेंडूचे हार होते, पायथ्याशी मेणबत्त्या, समोर अंगणातून आणलेल्या खुर्च्या. दिवसभर बागेत किंवा मुंबईच्या कचेऱ्यांत राबलेली माणसं हातपाय धुऊन येत होती. म्हाताऱ्या लुगडी नेसून पुढे बसल्या होत्या, पोरं कठड्यावर. जपमाळ झाली, आणि मग एका वयस्क गृहस्थांनी वही उघडून नावं घ्यायला सुरुवात केली. एक नाव, आणि सगळ्यांचं एक उत्तर. दुसरं नाव, पुन्हा तेच उत्तर: आमच्यासाठी विनंती कर. संतांची नावं, देवदूतांची नावं, मरियामातेची कितीतरी विशेषणं. सांगणाऱ्याचा आवाज चढत-उतरत होता, उत्तर मात्र एकाच पट्टीत, लाटेसारखं येत होतं. पंधरा-वीस मिनिटांनी ते थांबलं तेव्हा कुणी लगेच उठलं नाही. मग उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे काप वाटले गेले.

माझं मूळ गाव तळकोकणातलं. तिथे देवळात गाऱ्हाणं घालतात. गावाच्या वतीने एक जण देवापुढे उभा राहतो, रोगराई, चोरचिलट, परगावी गेलेली पोरं, लागवड, पाऊस असं सगळं देवाच्या कानावर घालतो, आणि प्रत्येक वाक्याला मागचा जमाव होकार भरतो. 'होय महाराजा' हे दोन शब्द लहानपणी मी इतक्यांदा म्हटलेत, की त्या दिवशी वसईच्या वाडीत क्रुसासमोर बसल्यावर माझ्या ओठांवर आधी तेच आले. गाऱ्हाण्यात काय मागितलं यापेक्षा ते सगळ्यांनी मिळून मागितलं, याला वजन असतं. लदीनही तशीच. तिच्यात 'माझ्यासाठी' हा शब्दच नाही. जे काही आहे ते 'आमच्यासाठी' आहे.

हा शब्द वसईपर्यंत फार लांबून आला. ग्रीक भाषेत 'लितानेइया' म्हणजे याचना, कळवळून केलेली विनवणी. लॅटिनमध्ये तो 'लितानिया' झाला, पोर्तुगिजांच्या तोंडी 'लादाइन्या', आणि मुंबई-वसईच्या ख्रिस्ती घरांत झिजून 'लदीन'. पुस्तकी मराठीत लितानी लिहितात. पण मित्राच्या आईला लितानी म्हटलेलं परकं वाटतं. देवळातली ती लितानी, क्रुसाकडची ती लदीन, असा भेद तिने स्वतःपुरता केला आहे. (वसईचे ख्रिस्ती चर्चला आजही देऊळ म्हणतात.)

ग्रीक भाषेत हा शब्द उभा राहिला तेव्हापासून त्याला पाय आहेत. लितानी बसून म्हणण्याआधी ती चालत म्हटली जायची. आजच्या फ्रान्समध्ये ऱ्होन नदीकाठी व्हिएन नावाचं शहर आहे. पाचव्या शतकात, सुमारे ४७० साली, तिथे भूकंपाचे धक्के बसत होते, आगी लागत होत्या, माणसं शहर सोडून पळत होती. मामेर्तुस हा तिथला बिशप. त्याने ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधीचे तीन दिवस उपासाचे ठरवले आणि भेदरलेल्या लोकांना रांगेत उभं करून, प्रार्थना म्हणत चालवलं. पळणाऱ्या गर्दीची मिरवणूक झाली. पुढे हे 'याचनेचे दिवस' सगळ्या पश्चिम युरोपात पसरले आणि शेतकऱ्यांनी ते आपलेसे केले. शिवाराला वेढा घालत, बांधाबांधाने क्रूस घेऊन जायचं आणि पेरलेल्या शेतावर आशीर्वाद मागायचा.

रोममध्ये तर याहून जुनी वाट होती. ख्रिस्ती धर्माच्या आधीपासून रोमन लोक २५ एप्रिलला शहराबाहेर मिरवणुकीने जात आणि रोबिगुस नावाच्या देवाला बळी देत. कशासाठी? गव्हावर तांबेरा पडू नये म्हणून. ज्याच्या शेतात तांबेरा पडला आहे त्याला या देवाची वेगळी ओळख करून द्यायला नको. रोम ख्रिस्ती झालं, रोबिगुस गेला, पण २५ एप्रिलची मिरवणूक राहिली. तीच 'मोठी लितानी'. देव बदलला तरी भीतीचं पीक तेच होतं, म्हणून वाटही तीच राहिली.

सगळ्यांत हृदय पिळवटणारी नोंद ५९० सालची आहे. रोममध्ये प्लेग होता. खुद्द पोप दुसरे पेलाजिउस त्यात गेले. त्यांच्या जागी आलेले ग्रेगरी यांनी शहराला सात भागांत वाटलं: पाद्री, मठवासी, जोगिणी, पुरुष, विवाहित स्त्रिया, विधवा, मुलं. सात ठिकाणांहून सात रांगा निघायच्या आणि मरियामातेच्या मोठ्या मंदिरापाशी मिळायच्या. तूर्सच्या ग्रेगरीने आपल्या इतिहासात लिहून ठेवलं आहे की चालता चालता एका तासात ऐंशी माणसं कोसळून मेली, पण प्रार्थना थांबली नाही. साथीच्या काळात गर्दी जमवू नये हे आज शाळकरी पोरालाही कळतं. त्या माणसांना जंतू ठाऊक नव्हते. एकेकट्याने घरात मरायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही, असं मला मनापासून वाटतं.

रोमपासून आता घराकडे येतो, कारण माझा खरा विषय हा खाडीकाठ आहे.

वसई १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशे पाच वर्षं त्यांच्याकडे होती. लदीन, क्रूस, मिरवणुका, हे सगळं त्या काळात इथे रुजलं. पण त्या राज्याची दुसरी बाजू लपवून या परंपरेबद्दल लिहिणं मला जमणार नाही. गोव्यात १५६७ साली भरलेल्या धर्मसभेने हिंदूंच्या जाहीर पूजाविधींवर बंदीची मागणी केली, आणि राज्यकर्त्यांनी असे निर्बंध आपल्या मुलखात लादले. एकाच्या मिरवणुकीसाठी रस्ता मोकळा करताना दुसऱ्याची पालखी घरात कोंडली गेली. माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावरच्या अंजूर गावचे गंगाजी नाईक याच रागातून उठले. त्यांनी पेशव्यांकडे खेटे घातले, माणसं जमवली, वाटा दाखवल्या. 'साष्टीची बखर' त्यांची कहाणी सांगते. मार्च १७३७ मध्ये ठाण्याचा किल्ला पडला आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली.

त्या लढाईत विनवण्या दोन्हीकडून चालल्या होत्या. वसई पडावी म्हणून चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला होता अशी परंपरा आहे. ते देऊळ आमच्या भिवंडी तालुक्यात तानसेच्या काठी उभं आहे. विजयानंतर वसईतल्या चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी देवाला वाहिल्या. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळच्या मेणवलीला त्या आजही टांगलेल्या आहेत. कधीकाळी मरियामातेच्या मिरवणुकीला लोकांना बोलावणारी घंटा आता शिवाला जाग आणते. पहिल्यांदा मेणवलीला ती घंटा पाहिली तेव्हा मी बराच वेळ तिच्याखाली उभा होतो.

याहूनही विलक्षण प्रसंग गोव्यात घडला होता, छत्रपती संभाजी महाराजांच्या वेळी. नोव्हेंबर १६८३ मध्ये मराठ्यांनी जुव्याचं बेट घेतलं. मांडवीपलीकडे राजधानी उघडी पडली. पोर्तुगिजांचा व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर जीव वाचवून परतला तो थेट बॉम जेझूच्या देवळात, संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी. पेटी उघडवून त्याने आपला राजदंड आणि अधिकाराची कागदपत्रं संताजवळ ठेवली. राज्य आता तुमचं, तुम्हीच सांभाळा, अशी ती याचना होती. जानेवारी १६८४ मध्ये शाहआलमची मोगल फौज घाट उतरून आली आणि मराठ्यांना मोहीम सोडून माघारी फिरावं लागलं. गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांनी त्याला संताची कृपा म्हटलं. इतिहास मोगलांच्या फौजेकडे बोट दाखवतो. मला मात्र त्या व्हाइसरॉयच्या रिकाम्या हातांचं चित्र आठवत राहतं. शस्त्रं, जहाजं, कागद यांतलं काही पुरत नाही असं कळल्यावर माणूस जे करतो, ते त्याने केलं.

वसई पडल्यावर युरोपीय पाद्र्यांना जावं लागलं. एतद्देशीय पाद्री उरले, पण थोडे. किल्ल्यातली मोठमोठी चर्चं ओस पडली. आज त्यांच्या भिंतींतून पिंपळ उगवले आहेत. तरी वसईचे सामवेदी कुपारी, वाडवळ, कोळी ख्रिस्ती राहिले. कसे राहिले याची कारणं इतिहासकार पुष्कळ देतात. माझ्या मते त्यांत लदिनीचा वाटा मोठा आहे. मिस्सेला, म्हणजे देवळातल्या मुख्य उपासनेला, पाद्री लागतो, देऊळ लागतं, वेदी लागते. लदिनीला काहीच लागत नाही. वाडीतला कुणीही पाठांतर असलेला माणूस पुढे होतो, बाकीचे उत्तर देतात. एक क्रूस पुरे, तोही नसला तर घरातली तसबीर. राज्य गेलं, पाद्री गेले, तरी संध्याकाळी अंगणात बसून नावं घेता येत होती. तोंडातोंडी चालणाऱ्या गोष्टी जप्त करता येत नाहीत.

मराठी कानाला हे सगळं सोपं गेलं त्यालाही कारण आहे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली 'क्रिस्तपुराण' छापलं ते मराठी ओव्यांत, दहा हजारांहून अधिक ओव्यांत. पोथीवाचनाची, ओवी ऐकण्याची, एकाने म्हणायचं आणि सगळ्यांनी धरायचं, ही सवय इथल्या माणसांना आधीपासून होती. लॅटिन शब्द परके होते, बसण्याची पद्धत घरचीच होती.

मित्राच्या आईचं बालपण लॅटिन लदिनीतलं आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ च्या आगेमागे, देवळात मराठी आली. तोवर 'ओरा प्रो नोबीस' हेच उत्तर होतं. मी एकदा विचारलं, "मावशी, अर्थ कळायचा का हो तेव्हा?"

"अर्थ मागाहून कळला," त्या म्हणाल्या. "आधी वेळ कळली. कुठे थांबायचं, कुठे उचलायचं. आई भाकऱ्या थापता थापता उत्तर द्यायची, तिचं एकही चुकायचं नाही."

गोव्यात तर लॅटिन लदीन अजून टिकून आहे, आणि तीही व्हायोलिनच्या साथीने, दोन सुरांत. वाड्यावाड्यांवरच्या खुरसांसमोर ती गातात, शेवटी उकडलेले चणे आणि मोठ्यांना थोडी फेणी. ज्यांना एका वाक्याचा अन्वय सांगता येणार नाही असे भाट-कुळागरांतले गडी ती तोंडपाठ आणि सुरात म्हणतात. हा गाण्याचा वारसा आहे, आणि त्याची दखल आपल्याकडच्या संगीताच्या अभ्यासकांनी पुरेशी घेतली नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

क्रुसाकडच्या लदिनी मे महिन्यातच का होतात, हेही सांगायला हवं. ३ मे हा ख्रिस्ताचा क्रूस सापडल्याचा सण होता. १९६० मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी रोमच्या कॅलेंडरातून तो काढला. वसई, वांद्रे आणि गोव्यातल्या वाड्यांनी मात्र तो काढला नाही. मे महिन्यात पोरांना सुट्टी, चाकरमानी घरी, पाऊस अजून लांब. नवी कौलं घालायची, बावीचा गाळ काढायचा आणि क्रूस रंगवून लदीन म्हणायची. वाडीचं आपलं पंचांग असतं.

मुंबईचे पुष्कळ क्रूस तर एका साथीतून उगवले आहेत. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आल्याचं डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखलं. शहर रिकामं व्हायला लागलं. वांद्र्याच्या गल्ल्यांत, गिरगावच्या खोताच्या वाडीत, माझगावच्या माथारपाखाडीत ख्रिस्ती लोकांनी क्रूस उभारले, प्लेग वाडीच्या वेशीवर थांबावा म्हणून. संत सेबास्तियन आणि संत रोक हे साथीत धावून येणारे संत; त्यांची नावं लदिनीत जोराने घेतली जाऊ लागली. वांद्र्याच्या जुन्या रस्त्यांवरून चालताना थांबून क्रुसांच्या पायथ्याचे आकडे वाचा, त्या वर्षांभोवतीचे आकडे पुन्हा पुन्हा दिसतील. इथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. डॉ. व्हिएगस स्वतः गोव्याचे कॅथलिक होते. झोपडपट्ट्या साफ करा, उंदीर मारा, असं तेच सांगत होते. एकाच समाजाने एका हाताने गटारं उपसली आणि दुसऱ्या हाताने मेणबत्ती लावली, आणि त्यांना त्यात कुठेच विसंगती वाटली नाही. व्हिएगसांचा पुतळा धोबीतलावला मेट्रो सिनेमाजवळ उभा आहे.

वांद्र्याची मोतमाउली, म्हणजे माउंट मेरी, सगळ्यांना ठाऊक आहे. १७०० साली मस्कतच्या अरबांनी देवळावर धाड घालून मूर्तीचा उजवा हात तोडला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. ८ सप्टेंबरच्या सणानंतर आठवडाभर जत्रा चालते. मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं, घरं तिथे वाहिली जातात. हात दुखणारा मेणाचा हात आणतो, मूल नसलेली मेणाचं बाळ. अमुक धर्माची रांग वेगळी अशी तिथे पद्धत नाही. वसईत रमेदी मातेकडेही असंच. हिंदू बाया तिची ओटी भरायला जातात, कुणी अडवत नाही.

पण लदिनीपेक्षाही जुनी, आणि माझ्या लेखी अधिक गंभीर अशी एक विनवणी वर्षातून एकदाच होते, उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला. त्या दिवशी मिस्सा नसते. गुरुवारी रात्रीपासून घंटा मुक्या असतात, त्यांच्या जागी लाकडी टाळ वाजतो. वेदीवरचं कापडसुद्धा काढलेलं असतं. अशा उघड्या देवळात दहा प्रार्थना होतात. आधी कुणासाठी ते सांगायचं, मग सगळ्यांनी गुडघे टेकून गप्प राहायचं, मग धर्मगुरूने ती विनंती शब्दांत मांडायची. पोपसाठी आणि धर्मगुरूंसाठी असते हे खरं. पण यहुदी लोकांसाठी असते, ख्रिस्तावर श्रद्धा नसलेल्यांसाठी असते, देवच न मानणाऱ्यांसाठी असते, राज्यकर्त्यांसाठी असते, आणि शेवटची संकटात सापडलेल्यांसाठी. तुरुंगातले, भुकेले, आजारी, वाटेत असलेले. मी पहिल्यांदा मराठीतून त्या दहा विनंत्या ऐकल्या तेव्हा सातवीपाशी चमकलो. ती माझ्यासाठी होती. माझ्या शेजारी गुडघे टेकलेले शेकडो लोक त्या क्षणी माझ्यासाठी गप्प होते. यहुदी लोकांसाठीची प्रार्थना शतकानुशतकं त्यांच्याविषयी कठोर शब्द वापरत होती. १९५९ मध्ये त्यातला डंख काढला आणि पुढे १९७० मध्ये ती नव्याने लिहिली गेली. विनवणीलाही आपली चूक दुरुस्त करता येते, हे मला या परंपरेचं बळ वाटतं.

संध्याकाळी मिरवणूक निघते. मृत ख्रिस्ताची मूर्ती शवपेटीत, मागे दुःखी मातेची मूर्ती. बँड असतो पण तो संथ वाजतो. पाय ओढत चालल्यासारखी रांग नारळीपोफळीच्या वाटेने जाते, हातांत मेणबत्त्या, आणि कुणी मोठ्याने बोलत नाही. उपवासकाळातल्या शुक्रवारी क्रुसाची वाट असते ती वेगळी. तिचे चौदा थांबे १७३१ साली पोप बारावे क्लेमेंट यांनी कायम केले. गोवा वेल्ह्याला उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यातल्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मोठी मिरवणूक निघते. लोक तिला 'संतांचं पुर्साव' म्हणतात, आणि रोमखेरीज अशी मिरवणूक फक्त इथेच, असा त्यांचा अभिमान आहे.

संतांची लितानी मला सगळ्यांत जास्त भिडली ती एका धर्मगुरुदीक्षेच्या वेळी. पांढरा झगा घातलेला पंचविशी ओलांडलेला तरुण वेदीपुढे पालथा पडतो, अगदी साष्टांग, कपाळ फरशीला लावून. आणि लोक त्याच्यावरून शेकडो वर्षांच्या माणसांची नावं म्हणत जातात. त्या यादीत वसईचं एक नाव हटकून असतं, गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मलेला हा माणूस ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानच्या नागासाकीत क्रुसावर मारला गेला आणि १८६२ मध्ये संत झाला, भारतात जन्मलेला पहिला. त्याचं नाव आलं की उत्तर थोडं मोठ्याने येतं. घरचा माणूस आहे.

म्हणजे ही यादी बंद झालेली नाही. मरियेची लोरेतो लितानी १५८७ मध्ये मान्य झाली. तिच्यात मरियेला गुलाब, मनोरा, सोन्याचं घर, पहाटेचा तारा अशी कितीतरी नावं आहेत. १९९५ मध्ये तिच्यात कुटुंबांची राणी आली. आणि २० जून २०२० ला पोप फ्रान्सिस यांनी तीन नावं घातली: करुणेची माता, आशेची माता, आणि स्थलांतरितांचा दिलासा.

या तिसऱ्या नावापाशी मी अडकतो, कारण ते वर्ष मी नारपोलीत काढलं आहे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले. ज्या खटखटीला मी कंटाळलो होतो ती नाहीशी झाल्यावर रात्रीची झोप उडाली. खोलीत दहा-दहा जण पाळीपाळीने झोपणारे कामगार. कारखाना बंद, खाणावळ बंद. मग ते चालू लागले. डोक्यावर बोचकं, खांद्यावर पोर, हातात पाण्याची बाटली, मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिकच्या दिशेने. मैलोन्‌मैल रांग. पुढे क्रूस नव्हता, पताका नव्हती, कुणी नावं घेत नव्हतं. मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोडवरून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली. त्याआधी आणि त्यानंतरही पुष्कळ जण चालतच गेले. त्याच वसंतात, २७ मार्चला, पावसाने भिजलेल्या रिकाम्या सेंट पीटर चौकात एक म्हातारा पोप एकटा चालत आला. त्याच्यासमोर सान मार्चेल्लो देवळातला लाकडी क्रूस होता. १५२२ च्या प्लेगमध्ये रोमच्या लोकांनी हाच क्रूस सोळा दिवस गल्लोगल्ली फिरवला होता. या वेळी फिरवायला माणसं नव्हती. तिकडे मिरवणुकीशिवाय विनवणी, आणि आमच्या महामार्गावर विनवणीशिवाय मिरवणूक. तीन महिन्यांनी लितानीत स्थलांतरितांचं नाव आलं तेव्हा मला वाटलं, उशिरा का होईना, त्या रांगेला कुणीतरी उत्तर दिलं.

वसईची मिरवणूक देवळाच्या आवारातच राहिली असंही नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिक मराठी वाचकांचं केलं, 'सुबोध बायबल' लिहिलं, २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. पण वसईकर त्यांना आधी ओळखतात ते हरित वसईच्या लढ्यातून. पाणी, झाडं, शेती वाचावी म्हणून हजारो लोक रस्त्यावर आले. तिथली माणसं रांगेत चालायला आणि एका आवाजात मागायला लहानपणापासून शिकलेली होती. २५ जुलै २०२४ ला ते गेले. त्यांच्या पश्चात वसईतल्या अनेक घरांतल्या लदिनीनंतर त्यांचंही नाव घेतलं गेलं असणार याबद्दल मला शंका नाही.

आता काळजीची गोष्ट. मित्राच्या वाडीत वही घेऊन पुढे बसणारे ते गृहस्थ गेल्या वर्षी आजारी होते. त्यांच्या जागी कुणी बसायचं यावर थोडी कुजबूज झाली. शेवटी मोबाइलवर लावलेल्या लदिनीला सगळ्यांनी उत्तर दिलं. उत्तर नेहमीसारखंच आलं, पण नाव घेणाऱ्याला थांबता येत नव्हतं. कुणाला खोकला आला, मूल रडलं, तरी मोबाइल पुढेच जात होता. वाड्या तुटून इमारती होत आहेत, रस्ते रुंद होताना क्रूस सरकवले जात आहेत, आणि लॅटिन लदीन सुरात म्हणणारी माणसं सत्तरी ओलांडलेली आहेत.

म्हणून वसई, वांद्रे, गोराई, ठाणे, सावंतवाडी, कुठेही ज्यांच्या घरात लदीन म्हणणारी आजी किंवा आजोबा आहेत, त्यांना ही विनंती आहे. येत्या नाताळच्या सुट्टीत त्यांच्यासमोर बसा आणि संपूर्ण लदीन ध्वनिमुद्रित करून ठेवा: चाल, थांबे, मोडकं लॅटिन, मधला खोकला, सगळं. वही असेल तर तिच्या पानांचे फोटो काढा. वाडीच्या क्रुसावर साल कोरलेलं असेल तर तेही टिपून ठेवा.

आणि आमच्यासारख्या बाहेरच्यांसाठी: २ नोव्हेंबरला, दिवाळीच्याच आसपास, मृतांचा स्मरणदिन असतो. त्या संध्याकाळी वसईतल्या दफनभूमींत प्रत्येक कबरीवर मेणबत्ती लागते आणि नावं घेत लोक फिरतात. भिवंडी रोडहून गाडी पकडा. फाटकाशी मेणबत्त्या मिळतात. एक घ्या, आणि ज्या कबरीवर दिवा नसेल तिथे लावा.